समुद्रावरून मारलेली हांक



आपल्या घरांतला रेडिओ बोलतो आणि आपण ऐकतां. मी या घटकेस कांहीं चुकीचें बोललों, तरी त्या यंत्रांतून तुम्हांला मला थांबवितां येत नाहीं. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें तें याच कुळांतलें, पण त्याला तोंडहि आहे आणि कानहि आहेत. तळहातावर मावणारें, पाण्यांत पडलें तरी बिघडूं नये अशा बेतानें घडविलेलें, समुद्रावर वापरावयाचें असें हें बिनतारी यंत्र आहे. कोणी त्याला ‘वायरलेस’ म्हणतात, कोणी ‘व्ही. एच. एफ.’ म्हणतात, आणि शहरांतील हौशी मंडळी ‘मरीन रेडिओ’ म्हणतात.

मी परभणी जिल्ह्यांतील बोरी गांवचा. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि सारें आयुष्य खडू-फळ्यांत काढून निवृत्त झालों. आमच्याकडे पाणी म्हटलें कीं तें विहिरीचें, नाहीं तर जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर बांधलेल्या येलदरी धरणाचें. समुद्र आमच्यापासून शेंकडों किलोमीटर दूर. अशा माणसानें समुद्रावरील यंत्राविषयीं व्याख्यान द्यावें हें आपणांस चमत्कारिक वाटेल. पण प्रसंगच असा आला कीं, साठी उलटल्यावर मला हा धडा विद्यार्थी होऊन शिकावा लागला.

माझा भाचा पुण्यास नोकरीस आहे. त्याला कयाकचा नाद लागला. उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोक सीलच्या कातड्याची एक लांबट, निमुळती होडी करीत. तिचें नांव कयाक. आतां ती प्लास्टिकची मिळते. एकच माणूस तींत बसतो आणि दोन्ही टोकांस पातीं असलेल्या वल्ह्यानें ती चालवितो. बसणाऱ्याची बैठक पाण्यापासून वीतभरच उंच. माझ्या बहिणीचा जीव या नादापायीं टांगणीस लागला होता. ती मला म्हणाली, “दादा, तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू एकदा त्याच्याबरोबर जा आणि काय ते डोळ्यांनी पाहून ये.”

त्याप्रमाणें दोन वर्षांपूर्वीं जानेवारींत मी भाच्याबरोबर मालवणास गेलों. तारकर्लीच्या किनाऱ्यावरून तो आणि त्याचे तीन मित्र चार कयाकांत बसून सकाळीं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूस निघाले. समुद्र तव्यासारखा सपाट होता. “मामा, काळजी करू नका. आमच्याजवळ वायरलेस आहे,” असें सांगून तो गेला. मी नारळाच्या सावलींत वर्तमानपत्र उघडून बसलों.

कोंकणच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो. हें त्यांना ठाऊक होतें. पण किल्ला पाहण्यांत वेळ गेला आणि परततांना वाऱ्यानें त्यांना गांठलें. लाटा उठल्या, एकाची कयाक उलटली आणि ती सरळ करून पुन्हां आंत बसणें त्याला जमेना. वारा सर्वांना खडकांकडे ढकलीत होता. वायरलेस होता, नवा आणि महागाचा होता. पण तो भाच्याच्या कयाकच्या मागल्या बंद कप्प्यांत, जेवणाच्या डब्याशेजारीं, पिशवींत गुंडाळून ठेवलेला होता. कप्पा उघडावा तर लाट आंत शिरून ती होडीहि बुडावयाची. फोन ओल्या बोटांना दाद देईना. शेवटीं मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीच्या तांडेलानें उंच धरलेलें वल्हें पाहिलें आणि त्यानें चौघांना ओढून आणलें.

या सर्व वेळांत मी काय करीत होतों? मला दूरवर चार ठिपके दिसत होते. मुलें क्षणभर विसांवलीं आहेत, असें समजून मी पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घातलें. ही गोष्ट मी बहिणीस अद्याप सांगितलेली नव्हती. आज ती ऐकत असेल.

रात्रीं तो वायरलेस पिशवींतून बाहेर काढला. कळ फिरवितांच दिवा लागला आणि मिनिटभरानें मावळला. बॅटरी भरलेलीच नव्हती. म्हणजे तो हातांत असता तरीहि मुकाच राहता. मला आमच्या शाळेंतील तांबड्या बादल्यांची आठवण झाली. आगीसाठीं वाळू भरून त्या कचेरीबाहेर टांगलेल्या असत. एकदां तपासणीच्या आधीं मीं त्या उतरवून पाहिल्या, तों एकींत शेंगांचीं टरफलें आणि दुसरींत फाटक्या पाट्यांच्या चौकटी! बादली टांगली म्हणजे आगीचा बंदोबस्त झाला, असें आम्हीं सर्वांनीं मानलें होतें. भाच्याचा वायरलेस त्याच जातीचा होता.

संकट आणि सुटका यांच्यामध्यें एक गोष्ट घडावी लागते. ती ही कीं, एकाची वार्ता दुसऱ्यास कळली पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचा सुमार. घराकडे निघालेल्या माणसांनीं बोट गच्च भरलेली. पावसाळी वाऱ्यांत ती कलंडली आणि बघतां बघतां बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. मुंबईसारखें बंदर अवघ्या कांहीं मैलांवर होतें. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें, आणि सकाळच्या अपघाताची वार्ता शहरास कळावयास दुपार उलटली.

याच्या उलट, १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर यंत्र होतें. त्यावरून गेलेली हांक ऐकून ‘कार्पेथिया’ ही आगबोट धांवून आली आणि सातशेंच्या वर माणसें वांचलीं. परंतु ‘कॅलिफोर्नियन’ नांवाची दुसरी बोट कितीतरी जवळ उभी होती. तिच्यावरील बिनतारी यंत्र चालविणारा दिवसभराचें काम आटोपून, यंत्र बंद करून झोंपला होता. हांक मारणारा आणि ऐकणारा, दोघेहि जागे असावे लागतात.

आज समुद्रावर या हांकेसाठीं एक वाट राखून ठेवलेली आहे. तिला सोळावें चॅनेल म्हणतात. तिची कंपनसंख्या १५६.८ मेगाहर्ट्झ. जहाजें, बंदरें आणि तटरक्षक दल यांनीं तिच्यावर कान ठेवावा, असा जगभर संकेत आहे. आपलें तटरक्षक दल १९७७ सालीं सुरू झालें. समुद्रांतील शोध व बचाव यांसाठीं त्याचीं मुख्य केंद्रें मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथें आहेत. किनाऱ्यावरच्या माणसानें साध्या फोनवरून १५५४ हा क्रमांक लावला कीं त्या दलाशीं बोलतां येतें. मी किनाऱ्यावर बसलों होतों त्या दिवशीं हा क्रमांक मला माहीत नव्हता. आपल्या घरचें कोणी समुद्रावर जात असेल, तर तो आज टिपून ठेवा.

आतां यंत्र कसें निवडावें तें सांगतों. दुकानदार प्रथम त्याची शक्ति सांगतो: पांच वॅट, सहा वॅट. या एका वॅटावर भुलूं नये. या लहरी सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें थोड्या अंतरावर समुद्राचें पाणीच मध्यें भिंतीसारखें उभें राहतें. म्हणून पल्ला ठरतो तो मुख्यतः एरियलच्या उंचीवर. मास्तरी हिशेब असा: एरियलची पाण्यापासूनची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें आणि त्यास सुमारें चारांनीं गुणावें, जें उत्तर येईल तितके किलोमीटर. हें दोन्ही टोकांस करून बेरीज घ्यावी. कयाकमध्यें बसलेल्या माणसाचें एरियल जेमतेम एक मीटर उंच. त्याचे चार किलोमीटर. दोन कयाकांमध्यें आठ, आणि लाटांच्या खळग्यांत तेहि नाहींत. समोरच्या मच्छीमार बोटीच्या डोलकाठीवरील एरियल नऊ मीटर उंच असेल, तर तिचे बारा आणि आपले चार मिळून सोळा. डोंगरावरील एरियल शंभर मीटर उंच असेल, तर चव्वेचाळीस. यावरून ध्यानांत येईल कीं, आपली हांक बहुधा प्रथम ऐकणार तो जवळचा मच्छीमार. त्याची ओळख सकाळीं निघण्यापूर्वींच किनाऱ्यावर करून घ्यावी. तो कोणत्या चॅनेलवर बोलतो तेंहि विचारावें.

दुसरी गोष्ट पाण्याची. यंत्रावर ‘आयपीएक्स ७’ असें लिहिलेलें असलें, तर एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास राहिलें तरी त्याच्या आंत घातक होईल इतकें पाणी शिरूं नये, असा त्याचा अर्थ. ‘आयपीएक्स ८’ असेल, तर त्याहून कठीण कसोटी; ती किती खोल व किती वेळ, हें कारखानदार सांगतो. मात्र ही कसोटी नव्या कोऱ्या यंत्राची असते. रबराचें कडें जुनें झालें, झांकणाखालीं वाळूचा एक कण अडकला, कीं तो आंकडा नुसता छापलेला राहतो.

तिसरी गोष्ट, यंत्र पाण्यावर तरंगणारें असावें. हातांतून निसटलेली वस्तु तळाशीं गेली तर तिचें पाणी-प्रतिबंधक असणें काय कामाचें? पाण्यांत पडतांच लुकलुकणारा दिवा असेल तर उत्तम. तरंगणारें असलें तरी तें आंखूड दोरीनें लाइफ जॅकेटला बांधावेंच. वाऱ्यांत तें माणसापेक्षां लवकर दूर जातें. दोरी लांब नको, ती गळ्याभोंवतीं किंवा वल्ह्याला अडकते.

चौथी, कळा मोठ्या व दूर दूर असाव्यात. ओल्या, थरथरणाऱ्या बोटांनीं, न पाहतां सोळावें चॅनेल लागलें पाहिजे. दुकानांत डोळे मिटून हें करून पाहावें. मीं भाच्याला तसें करावयास लावलें. दुकानदार हंसला, पण त्याच परीक्षेंत दोन यंत्रें नापास झालीं.

पांचवी, कांहीं यंत्रांत जी. पी. एस. आणि झांकणाखालीं एक तांबडी कळ असते. ती दाबून धरली कीं आपलें ठिकाण आणि आपला नऊ आंकडी ओळखक्रमांक सत्तराव्या चॅनेलवरून आपोआप जातो. आपल्या देशांतील जहाजांचे हे क्रमांक ४१९ नें सुरू होतात. माणूस बोलण्याच्या स्थितींत नसला तरी कळ त्याच्यासाठीं बोलते. परंतु क्रमांक रीतसर घेऊन यंत्रांत भरलेला नसेल, तर ती कळ मुकी. आणि बिनतारी यंत्र बाळगण्यास व वापरण्यास सरकारी परवानगी लागते; त्याची चौकशी विकत घेण्यापूर्वीं करावी. परदेशाहून येणाऱ्या आप्ताच्या पेटींतून तें गुपचूप मागवूं नये.

यानंतर निगा. माझ्या मतें निवडीपेक्षां हीच मोठी. कारण निवड एकदां करावयाची, आणि निगा दर वेळीं. समुद्रावरून परत आल्यावर, आपण स्वतः स्नान करण्यापूर्वीं, यंत्रास गोड्या पाण्यानें धुवावें. झांकणें घट्ट लावून, हलक्या धारेखालीं. खारें पाणी वाळलें कीं त्याचें मीठ होतें. तें कळांच्या कडांत बसतें आणि चार्जिंगच्या धातूच्या टोकांना खातें. धुतल्यावर मऊ फडक्यानें पुसावें, आवाजाच्या जाळींतलें पाणी हलवून काढावें आणि सावलींत वाळवावें. जाळीच्या भोंकांत टांचणी घालूं नये. आंतला पडदा फाटतो. स्पिरिट, रॉकेल, पेट्रोल यांचा बोळा लावूं नये. रबर व प्लास्टिक दोन्ही खराब होतात. एरियल धरून यंत्र उचलूं नये. चार्जिंगला लावण्यापूर्वीं तीं धातूचीं टोकें पूर्ण कोरडीं आहेत हें पाहावें. रबरी कड्यावर केस, वाळू किंवा बारीक चीर नाहीं ना, हें उजेडांत धरून पाहावें.

बॅटरीची गोष्ट निराळी सांगावी लागेल. पेटीवर ‘इतके तास चालते’ असें लिहिलेलें असतें. हे तास मोजण्याची रूढ रीत अशी कीं, शंभर भाग वेळापैकीं नव्वद भाग यंत्र नुसतें कान लावून बसलेलें, पांच भाग ऐकत आणि पांचच भाग बोलत. बोलतांना बॅटरी कितीतरी पटींनीं झरते. म्हणून गप्पा मारावयास हें यंत्र वापरूं नये; जवळच्या सोबत्याशीं बोलावयाचें तर एक वॅटावर बोलावें. निघण्याच्या आदल्या रात्रीं बॅटरी पूर्ण भरावी. पावसाळ्यांत समुद्र बंद असतो, तेव्हां ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवूं नये. अर्धीनिम्मी भरून थंड जागीं ठेवावी आणि अधूनमधून पाहावी. उन्हांत उभ्या मोटारींत तर मुळींच ठेवूं नये. ज्या यंत्रांत साधे सेल घालण्याची सोय आहे, त्याचे नवे सेल कोरड्या डबींत जवळ असावेत.

आणि यंत्र ठेवावयाचें कोठें? अंगावर. लाइफ जॅकेटच्या छातीवरील खिशांत, एकाच हातानें निघेल असें. होडी माणसापासून सुटते. जॅकेट सुटत नाहीं.

आतां बोलणें. शाळेंत आम्ही पत्रलेखन शिकवीत असूं: प्रथम ठिकाण, मग मायना, मग मजकूर. समुद्रावरच्या हांकेचाहि मायना ठरलेला आहे. जिवावरचें संकट असेल तर ‘मेडे’ हा शब्द तीन वेळां उच्चारावा. हा शब्द ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून १९२३ च्या सुमारास लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावर रूढ झाला. त्यानंतर आपल्या होडीचें नांव तीनदां, मग आपण कोठें आहों, काय झालें आहे, कोणती मदत हवी, माणसें किती. शेवटीं ‘ओव्हर’ म्हणून कळ सोडावी. ठिकाण आधीं सांगावें, कारण बॅटरी संपली किंवा लाट आली, तर निदान तेवढें तरी पोंचलेलें असावें. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून, यंत्र तोंडापासून चार बोटें दूर धरून, सावकाश बोलावें. बोलून झाल्यावर कळ सोडण्यास विसरूं नये. दाबलेली राहिली तर आपल्याला कोणाचेंच ऐकूं येत नाहीं, आणि इतरांचीहि वाट अडते. जिवावर बेतलें नसून नुसती अडचण असेल, तर ‘मेडे’ऐवजीं ‘पॅन-पॅन’ म्हणतात. इंग्रजी सुचलें नाहीं तर मराठींत बोलावें; मालवणच्या मच्छीमारास तें अधिक लवकर कळेल.

हा मायना पाठ असला पाहिजे, आणि पाठ होण्यास म्हटला पाहिजे. मात्र सराव करतांना यंत्र बंद ठेवावें. खोटी हांक गेली तर खरी माणसें धांवत निघतात.

या यंत्राच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या शिडाच्या होडीची डोलकाठी वादळांत मोडली आणि त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. ते एकटे होते. उपग्रहामार्फत पाठविलेल्या त्यांच्या संदेशांवरून जगास तें कळलें, आणि तीन दिवसांनीं ‘ओझिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांना उचललें. तेथें आपलें हातांतलें यंत्र एकट्यानें कांहीं करूं शकलें नसतें. तें किनाऱ्याजवळचें आहे. तसेंच आमच्या येलदरीच्या जलाशयावर तें निरुपयोगी. तेथें त्या चॅनेलवर ऐकणारें कोणी नाहीं. तेथें पाणी न शिरणाऱ्या पिशवींतला फोन, गळ्यांतली शिट्टी आणि कांठावर बसलेला जागा माणूस, हेंच खरें. आणि कोणत्याहि पाण्यावर लाइफ जॅकेट हें पहिलें. यंत्र त्याच्या खिशांत राहतें, त्याच्या जागीं येत नाहीं.

भाच्याला मीं समुद्रावर जाण्यास मना केलें नाहीं. बहीण त्यामुळें माझ्यावर रुसली. मीं त्याच्याकडून दोन वचनें घेतलीं. पहिलें, यंत्र धुऊन, भरून, छातीवर. दुसरें, निघण्यापूर्वीं किनाऱ्यावरच्या एका माणसास कागदावर लिहून द्यावयाचें: कोण जात आहेत, कोणत्या वाटेनें, आणि किती वाजतां परत येणार. वेळ उलटून अर्धा तास झाला कीं त्या माणसानें १५५४ लावावा. गेल्या दिवाळींत तो बोरीस आला होता. मीं त्याला अंगणांत बसवून, बंद यंत्र हातांत देऊन, सबंध मायना दहा वेळां म्हणवून घेतला. तीन वेळां तो ठिकाण सांगावयास विसरला. चौथ्यांदां चुकला तेव्हां स्वयंपाकघरांतून बहिणीचा आवाज आला, “अरे, आधी कुठे आहेस ते सांग!” तिलाहि तो एव्हांना पाठ झाला होता.

या खेपेस तो समुद्रावर गेला म्हणजे किनाऱ्यावर तोच कागद हातांत घेऊन मी बसणार आहें. वर्तमानपत्र मात्र घरीं ठेवीन.